स्कोन्स्का : स्वीडनच्या दक्षिण टोकाची बोली डॅनिश की स्वीडिश?

जास्वंदी

गेली सहा वर्षं मी दक्षिण स्वीडनमध्ये, लुंडला राहते. त्याआधी तीन वर्षं स्टॉकहोमला होते. स्वीडिश तिथेच शिकले, परीक्षा दिल्या, ऑफिसात सगळं स्वीडिशमधून बोलायला लागले. भाषा अंगवळणी पडली असं वाटायला लागलं आणि आम्ही खाली स्कोने प्रांतात आलो.

पहिल्याच उन्हाळ्यात गावाबाहेर भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला. इथे अशा तुकड्यांची मोठी वाडीच असते, प्रत्येकाचे आपापले वाफे आणि कोपऱ्यात लाकडी खोपटं. शेजारच्या तुकड्यावर ऐंशी ओलांडलेले एक आजोबा बटाटे काढत होते. त्यांनी मान वर न करता मला हाक मारली, "त्योस, रुलेब्योर आण गं जरा." मी जागच्या जागी उभी. 'त्योस' म्हणजे काय ते कळेना, 'रुलेब्योर' तर आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला. शेवटी त्यांनी खोपटाला टेकवलेल्या एकचाकी ढकलगाडीकडे बोट दाखवलं. तिला वर्गात मी 'स्कोत्शॅरा' म्हणायला शिकले होते. 'त्योस' म्हणजे मुलगी, पोर. स्टॉकहोमला मुलीला 'फ्लिका' म्हणतात.

दोन महिन्यांनी कोपनहेगनला गेले होते. तिथे एका बागसामानाच्या दुकानात तशाच गाडीवर पाटी होती, 'त्रिलेब्योर'. आणि मुलीला डॅनिशमध्येही 'त्योस' म्हणतात, हे तिथल्या मैत्रिणीने सांगितलं. तेव्हापासून ह्या बोलीने मला पछाडलंय.

आपल्या कानाला सगळ्यात आधी काय जाणवतं ते सांगते. स्टॉकहोमच्या स्वीडिशमध्ये 'र'च्या पुढे न, ल, ट, ड आला की दोन्ही मिळून आपला मूर्धन्य वर्ण होतो. मूल म्हणजे 'बार्न' लिहितात आणि 'बाण' म्हणतात. मोती म्हणजे 'पॅर्ला' लिहितात, 'पॅळा' म्हणतात. अगदी आपला ण, आपला ळ! युरोपात ळ ऐकायला मिळाल्यावर मला जो आनंद झाला होता तो काय सांगू. वर्गातल्या इराणी आणि पोलिश मुलांची त्याच्यासाठी जीभ वळत नव्हती, माझी सहज वळायची. स्कोनेत आले आणि ण-ळ दोन्ही गेले. इथला 'र' जिभेच्या टोकाने म्हणतच नाहीत, पडजिभेपाशी घशातून खरवडून काढतात, त्यामुळे पुढच्या अक्षराशी तो मिसळत नाही. बाणाचं पुन्हा 'बार्न' झालं, तेही घशातल्या र-चं.

दुसरी गोष्ट स्वरांची. दीर्घ स्वर इथे एका जागी थांबत नाही, घसरतो. प्रांताचं नाव बाकीचे स्वीडिश लोक 'स्कोने' म्हणतात, इथले जुने लोक 'स्काउने'.

तिसरी गोष्ट जुन्या, खेड्यातल्या बोलीतली. स्वरानंतरचे प-त-क इथे ब-द-ग होतात. केकला स्वीडिशमध्ये 'काका' म्हणतात (हो, आपल्या काकांसारखंच), आजोबा म्हणतात 'कागा'. पुस्तक म्हणजे 'बूक', आजोबांचं 'बोग'. डॅनिश लोक पुस्तक 'बोग' असंच लिहितात, पण बोलताना शेवटचा ग पार विरघळवून 'बॉव' म्हणतात. तीन गावांतले तीन टप्पे एका ओळीत मांडावेत तसं हे दिसतं.

स्टॉकहोमकडचे लोक म्हणतात की स्कोनेवाले घशात लापशी ठेवून बोलतात, ही अर्धी डॅनिश आहे. डॅनिश लोकांना विचारलं तर ते म्हणतात, छे, ही तर स्वीडिश. ह्यावर वाचत आलेय ते हळूहळू इथे टाकते. कुणी डेन्मार्क-नॉर्वेत असेल तर जरूर लिहा.

---

वाटसरू_७

फार छान सुरुवात. ण आणि ळ स्वीडिशमध्ये आहेत हे माहीतच नव्हतं.

एक प्रश्न. हा प्रांत आधी डेन्मार्कचा होता एवढं पुसट आठवतंय. तो स्वीडनकडे कधी आणि कसा गेला? बोलीचं कोडं सोडवायला आधी तेच कळायला हवं ना?

---

जास्वंदी

वाटसरू, हो, ते सांगायलाच हवं.

स्कोने, त्याच्या पूर्वेचा ब्लेकिंगे आणि वायव्येचा हालांड हे तिन्ही प्रांत मध्ययुगात डेन्मार्कचेच. नुसते सीमेवरचे नव्हेत. लुंडला साऱ्या उत्तरेचा आर्चबिशप बसायचा, इथल्या कॅथीड्रलची मुख्य वेदी ११४५ साली अर्पण झालीय. म्हणजे लुंड हे डॅनिश राज्याचं धर्मकेंद्र होतं.

१६५८ सालचा हिवाळा भयंकर कडक होता. स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव सैन्य घेऊन जटलंडमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पात, अडकला होता. जटलंड आणि कोपनहेगनचं बेट ह्यांच्यामधल्या समुद्राच्या पट्ट्या गोठल्या आणि त्याने घोडदळ, तोफा सगळं बर्फावरून पलीकडे नेलं. कोपनहेगनच्या दारात शत्रू उभा राहिल्यावर डेन्मार्कने २६ फेब्रुवारी १६५८ रोजी रोस्किल्डला तह केला आणि स्कोने, ब्लेकिंगे, बॉर्नहोल्म बेट, शिवाय नॉर्वेकडचे दोन मुलूख देऊन टाकले. हालांड १६४५ मध्येच तीस वर्षांसाठी स्वीडनकडे तारण म्हणून गेलं होतं, तेही कायमचं गेलं.

पण भाषा त्या दिवशी बदलली नाही. लोकांचे जुने कायदे, जुने रिवाज राहतील असंच आश्वासन होतं. १६६६ मध्ये लुंडला विद्यापीठ स्थापन केलं, त्यामागे इथले पाद्री कोपनहेगनऐवजी स्वीडिश विद्यापीठात घडावेत हा हेतू होता. मग १६७५ ते १६७९ डेन्मार्कने प्रांत परत मिळवायला युद्ध केलं. ४ डिसेंबर १६७६ ची लुंडची लढाई इथे अजून आठवतात, एका दिवसात हजारो माणसं मेली. गावोगावी डॅनिश बाजूने लढणारे गनिमी लोक होते, त्यांना 'स्नॅपहाने' म्हणायचे, स्वीडिश फौजेने त्यांना अतोनात क्रूरपणे मारलं. ह्या युद्धानंतर मात्र स्वीडनने ठरवलं की आता हा प्रांत पुरता स्वीडिश करायचा. रुटगर फॉन आशेबर्ग हा गव्हर्नर जनरल असताना, १६८० च्या दशकात, स्वीडिश कायदा लागू झाला, चर्चमधलं प्रवचन आणि प्रार्थना स्वीडिशमधून, मुलांच्या धर्मशिक्षणाची पुस्तकं स्वीडिश.

पुस्तकं बदलली, कानावर पडणारं प्रवचन बदललं, तरी शेतात आणि चुलीपाशी कोण काय बोलतं त्यावर राजाचा हुकूम कसा चालणार? वाचता येणारी पिढी स्वीडिश वाचायला लागली आणि बोलत राहिली आपलंच. ते आपलं म्हणजे नेमकं काय, हाच माझा मुद्दा आहे. पुढच्या वेळी त्याच्यावर लिहिते.

---

निळीमाय

मी कोपनहेगनला अकरा वर्षं आहे. जास्वंदी, तुमचा धागा पाहून राहवलं नाही.

कोपनहेगन आणि स्कोनेतलं माल्मो शहर जोडणारा ओरेसुंडचा पूल १ जुलै २००० ला सुरू झाला, त्यामुळे माल्मोचे कितीतरी लोक रोज इकडे कामाला येतात. आमच्या विभागात दोघं आहेत. ते स्वीडिश बोलतात, आम्ही डॅनिश, आणि काम चालतं. पण स्टॉकहोमहून पाहुणे आले की सगळे इंग्रजीवर घसरतात. माल्मोवाल्यांना डॅनिश स्टॉकहोमवाल्यांपेक्षा किती तरी जास्त कळतं, हे माझं रोजचं बघणं आहे. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने तर अँटेना फिरवून डॅनिश टीव्ही पाहिलाय, अलीकडचं पलीकडे सहज दिसायचं.

तरीही माल्मोवाले एका ठिकाणी हमखास अडतात, ते म्हणजे आकडे. डॅनिशमध्ये पन्नासला 'हाल्त्रेस' म्हणतात. स्वीडिशमध्ये सरळ 'फेम्तियो', पाच दहा. हाल्त्रेसचं मूळ रूप उलगडलं तर अर्थ निघतो 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, अडीच. अडीच विसा पन्नास! सत्तरला साडेतीन विसा, नव्वदला साडेचार विसा. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा.

आता गंमत बघा. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे अर्धा-तिसराच. दीडला डॅनिश 'हाल्आनन' म्हणतात, अर्धा-दुसरा. आपल्या 'दीड'च्या मागेही संस्कृतातलं 'द्व्यर्ध' आहे. माझी आजी बाजारात आंबे विसांनी मोजायची, 'तीन विसा दिले' म्हणायची. हे शिकल्या दिवसापासून डॅनिश आकड्यांची मला कधी भीती वाटली नाही. माझ्या स्वीडिश सहकाऱ्याला अजून वाटते.

---

खानदेशी पोऱ्या

जास्वंदीताई, निळीमायताई, दोघींचं वाचून मजा आली. विसांचं तर एक नंबर.

माझं सरळ मत सांगू का? इतिहास बघता उत्तर सोपं वाटतं. मूळ भाषा डॅनिश. १६५८ नंतर वरून स्वीडिशचा थर चढला. घशातला र, 'त्योस', 'रुलेब्योर' हे खालचं डॅनिश उरलंय, बाकी सगळं स्वीडिश. म्हणजे कापड डॅनिश आणि रंग स्वीडिश. चुकत असेन तर दुरुस्त करा.

---

जास्वंदी

पोऱ्या, तुम्ही म्हणताय तसंच मलाही पहिली दोन वर्षं वाटत होतं. इथे बहुतेक सगळे हेच सांगतात. पण जरा खोलात गेल्यावर दोन गोष्टी कळल्या आणि हे चित्र माझ्यापुरतं पार उलटं झालं.

आधी घशातला र. स्कोनेची सगळ्यात ठळक खूण म्हणून सारे ह्याच्याकडे बोट दाखवतात आणि 'हे बघा डॅनिश अवशेष' म्हणतात. पण हा र डेन्मार्कमध्येच मुळी अठराव्या शतकाच्या अखेरीकडे पसरायला लागला, आधी कोपनहेगनमध्ये. समुद्र ओलांडून स्कोनेत आला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे तह होऊन दीडशे-पावणेदोनशे वर्षं उलटल्यावर. १६५८ मधला स्कोनेचा शेतकरी जिभेच्या टोकानेच र म्हणत होता, आणि कोपनहेगनचाही. आणखी बघा, स्कोनेच्या उत्तरेला स्मोलांड प्रांत आहे. तो कधीच डेन्मार्कचा नव्हता, तरी त्याच्या बऱ्याच भागात हाच घशातला र आहे. तो शहरातून शहरात, तोंडातून तोंडात पसरत गेला. मधे सीमा आहे का नाही हे त्याने पाहिलं नाही.

आता उलटी बाजू. स्वीडिशची खूण म्हणून काय दाखवतात? शब्दाच्या शेवटी येणारा पुरा 'आ'. स्वीडिशमध्ये 'काका', डॅनिशमध्ये शेवटचा स्वर झिजून नुसता अस्फुट 'अ' राहिलाय, लिहिताना 'ए' लिहितात. स्कोनेत 'कागा', पुरा आ. तेव्हा कुणीही म्हणेल की हा आ स्वीडिशने दिला. पण तो आधीपासून आहे! स्कोनेचा जुना कायदा तेराव्या शतकात लेखी झाला. त्याची साधारण १३०० सालची एक चर्मपत्रावरची प्रत कोपनहेगनला जपून ठेवलीय, सबंध प्रत रूनी अक्षरांत, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत, लिहिलेली. कोपनहेगनकडची डॅनिश तेव्हा शेवटचे स्वर झिजवायला लागली होती, आणि स्कोनेच्या ह्या जुन्या लिखाणात ते टिकून दिसतात. स्वीडनशी काहीएक संबंध नसताना.

म्हणजे डॅनिश म्हणून दाखवतात ती खूण स्वीडिश राजवटीत आली, आणि स्वीडिश म्हणून दाखवतात ती डॅनिश राजवटीतच होती. कापड आणि रंगाची उपमा मला म्हणून पटत नाही. 

खरेदी करणे ह्या एका क्रियापदात हे सगळं दिसतं. स्वीडिश 'श्योपा', डॅनिश 'क्योबे', आणि आजोबा म्हणतात 'श्योबा'. आरंभीचा श स्वीडिशसारखा, मधला ब डॅनिशसारखा, शेवटचा आ पुन्हा स्वीडिशसारखा. आजोबांच्या तोंडात मात्र कुठेही जोड नाही, तो एकसंध शब्द आहे आणि त्यांच्या पणजोबांचाही तोच असणार. मऊ ब-द-ग सुद्धा फक्त डेन्मार्कच्या आसपास नाहीत, नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर क्रिस्तियानसांडच्या बाजूलाही आहेत.

स्कोन्स्का ही मधली भाषा होती, मधलीच आहे. दोन राजधान्यांनी दोन प्रमाणभाषा घडवल्या आणि मग मधल्या माणसाला विचारायला लागले, तू आमचा का त्यांचा?

---

दर्यावर्दी

ह्या चर्चेत बॉर्नहोल्म यायलाच हवं.

नोकरीमुळे बाल्टिकमधली बरीच बंदरं पाहिलीत, बॉर्नहोल्मच्या रोन्ये बंदरात तीनदा उतरलोय. नकाशा काढून बघा. बॉर्नहोल्म डेन्मार्कचं, पण कोपनहेगनपासून दीडशे किलोमीटर दूर आणि स्कोनेच्या किनाऱ्यापासून चाळीसच्या आत. बेटावरचा माणूस गाडीने कोपनहेगनला निघाला की आधी बोटीने स्वीडनमध्ये इस्टाडला उतरतो, स्कोने ओलांडतो आणि पुलावरून आपल्या देशात परत शिरतो.

रोस्किल्डच्या तहात हे बेटही स्वीडनला दिलं होतं, पण ते राहिलं नाही. डिसेंबर १६५८ मध्ये बेटावरच्या लोकांनी उठाव केला, स्वीडिश अधिकारी प्रिन्ट्सेन्शोल्ड रोन्येच्या रस्त्यावर मारला गेला, आणि येन्स कोफोड आणि त्याच्या साथीदारांनी बेट डेन्मार्कच्या राजाला परत दिलं. स्वीडनची सत्ता तिथे जेमतेम काही महिने.

आता बोलीकडे. बॉर्नहोल्मच्या जुन्या बोलीत शेवटचा आ शाबूत आहे. नामांची तीन लिंगं शाबूत आहेत, प्रमाण डॅनिश आणि प्रमाण स्वीडिश दोन्हींत दोनच उरलीत. डॅनिशची ती प्रसिद्ध घशातली उचकी, 'स्ट्योद', बॉर्नहोल्मला नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डॅनिशमध्ये 'हुन' म्हणजे ती आणि 'हुन्' करून मधे आवाज क्षणभर आवळला की कुत्रा.) स्कोनेतही ही उचकी नाही.

जास्वंदींचा मुद्दा ह्याने पक्का होतो. स्वीडिश राजवट ज्या बेटावर टिकलीच नाही तिथेही तोच आ. मग तो स्वीडनने कसा दिला असेल? आणि बिचाऱ्या बॉर्नहोल्मकरांना कोपनहेगनवाले काय म्हणतात माहितेय? 'राखीव स्वीडिश'. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी जीव धोक्यात घालून डेन्मार्क निवडला, त्यांना!

---

निळीमाय

दर्यावर्दी, ते 'राखीव स्वीडिश' मीही ऐकलंय, इथे सर्रास म्हणतात. ऐकून वाईट वाटायचं, आता इतिहास कळल्यावर जास्तच वाटलं.

अजून एक निरीक्षण. कोपनहेगनचा विमानतळ कास्ट्रुप, माल्मोचा विमानतळ स्टुरुप. दोन्हींतलं शेवटचं 'रुप' एकच, वस्ती ह्या अर्थाच्या 'तोर्प'चं झिजलेलं रूप. तसंच डेन्मार्कमध्ये हादर्सलेव्ह, स्कोनेत एस्लॉव्ह. नकाशावरची गावं बघितली तर समुद्र मधे आहे हे कळतसुद्धा नाही.

---

मितभाषी

सरकारदरबारी काय स्थिती आहे ते थोडक्यात देतो.

डेन्मार्कमधले बोलीअभ्यासक स्कोने, हालांड, ब्लेकिंगे आणि बॉर्नहोल्म ह्यांच्या जुन्या बोलींना मिळून 'पूर्व डॅनिश' म्हणत आले. स्वीडनमध्ये त्याच बोली, बॉर्नहोल्म वगळून, 'दक्षिण स्वीडिश'. बोली तीच, कपाट वेगळं.

जगातल्या भाषांना तीन अक्षरी सांकेतिक नावं देणारी जी आंतरराष्ट्रीय यादी आहे तिच्यात स्कोन्स्काला वेगळी नोंद होती. २००९ मध्ये ती काढून स्वीडिशमध्ये मिळवली. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात मात्र स्कोन्स्का स्वतंत्र दाखवली होती. स्वीडनने २००० साली पाच अल्पसंख्याक भाषांना मान्यता दिली : फिनिश, सामी, मेआन्किएली, रोमानी, यिडिश. स्कोन्स्का त्यात नाही. दालार्ना प्रांतातली एल्व्हदालची बोलीही नाही, जी इतर स्वीडिश लोकांना जवळजवळ कळतच नाही, जिच्यात नाकातले स्वर आणि जुनी विभक्ती टिकलीय. तिला निदान २०१६ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःची नोंद मिळाली.

---

खानदेशी पोऱ्या

जास्वंदीताई, माझं म्हणणं मागे घेतो. र आणि आ-चा मुद्दा वाचून दोन दिवस तेच डोक्यात होतं.

मितभाषी, 'बोली तीच, कपाट वेगळं' हे माझ्या घरातलं दुखणं आहे. आमची अहिराणी. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा 'हे गुजराती मिसळलेलं मराठी' असं ऐकावं लागायचं. आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. 'कथा जाई ऱ्हायना' हे ना मराठी ना गुजराती. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनने त्याच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवलं. जनगणनेत आजही ती वेगळी मोजतात. शाळेत मात्र ती अशुद्ध मराठी. घरी बोलायचो ते 'मिसळलेलं' आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या आजीसाठी ती सबंध भाषा होती. जास्वंदीताईंच्या आजोबांचा 'श्योबा' वाचला आणि आजी आठवली.

---

जास्वंदी

पोऱ्या, तुमच्या आजींचे शब्द लिहून ठेवलेत का? नसतील तर घरातल्या मोठ्यांकडून आजच लिहून घ्या, एवढंच म्हणेन.

---

वाटसरू_७

प्रश्न आहे. आज माल्मोतली वीस-पंचवीस वर्षांची मुलं हे बोलतात का? मी फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविचच्या मुलाखती पाहिल्यात, तो माल्मोचाच ना? त्याचं बोलणं स्कोन्स्कात मोडतं का?

---

जास्वंदी

हो, तो माल्मोच्या रोसेनगोर्ड भागात वाढला आणि त्याचं स्वीडिश ऐकताक्षणी माल्मोचं कळतं. तो घशातला र, ते घसरते स्वर. पण तुमच्या प्रश्नात मोठी गोष्ट दडलीय.

आज तरुण लोक बोलतात ती स्कोनेच्या उच्चारातली प्रमाण स्वीडिश. र आहे, स्वर आहेत, लय आहे आणि त्याचा अभिमानही आहे. लाल रंगावर पिवळा क्रूस असलेला स्कोनेचा झेंडा घराघरांवर दिसतो, म्हणजे रंग डेन्मार्कचा आणि क्रूस स्वीडनचा. पण 'कागा' आणि 'बोग' त्यांच्या तोंडात नाहीत. तीन लिंगं नाहीत. माझ्या ऑफिसातल्या लुंडच्याच मुलीला 'श्योबा' म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, "आमचे पणजोबा असं म्हणायचे." पोरगा म्हणजे 'पोग' आणि 'त्योस' हे शब्द राहिलेत, घाणीला 'म्योग' म्हणतात (डॅनिशही तेच), गिरणीला 'म्योला' आणि त्यावरून पडलेलं माल्मोतल्या म्योलेवोंगेन भागाचं नाव आहे. हे शब्द मुलंही वापरतात, आवडीने वापरतात. व्याकरण मात्र गेलं.

ज्या खुणेत सगळ्यांत कमी वय आहे, तो र, तीच सर्वांत घट्ट टिकलीय. सातशे-आठशे वर्षांचं जे होतं ते दोन पिढ्यांत सुटत चाललंय. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. शाळा, रेडिओ, शहरातल्या नोकऱ्या, सगळं मिळून झालंय, कुणी हुकूम काढला नव्हता. १६८० च्या हुकुमांनी जे झालं नाही ते विसाव्या शतकात आपोआप झालं.

आणि स्वीडिश अकादमीचा प्रचंड शब्दकोश, ज्याचा पहिला भाग १८९३ मध्ये निघाला आणि शेवटचा २०२३ मध्ये, त्याचं संपादन आमच्या ह्याच लुंडमध्ये झालंय. साऱ्या स्वीडिशचे शब्द एकशे तीस वर्षं ह्या गावात बसून लोकांनी लावले, आणि खिडकीबाहेर हे घडत होतं.

---

चंद्रज्योती

धागा रोज वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. संस्कृतची विद्यार्थिनी आहे.

'रुलेब्योर'मधला 'ब्योर' म्हणजे काय? स्वीडिशमध्ये वाहणे ह्याला 'बॅरा' म्हणतात ना? तसं असेल तर हे थेट आपल्या 'भृ' धातूचं नातलग. भरति, भार, भारिक. उत्तरेकडच्या ह्या भाषांमध्ये मूळ भ-चा ब झाला, आपल्याकडे भ तसाच राहिला.

---

जास्वंदी

चंद्रज्योती, बरोब्बर! 'ब्योर' हे 'बॅरा'पासूनच, ज्याच्यावर भार वाहून नेतात ते. आणि 'रुले' म्हणजे गडगडणारं. गडगडत जाणारा भार. मी सहा वर्षं तो शब्द वापरतेय आणि हे डोक्यात आलं नव्हतं.

काल रविवार होता. आजोबांना आता वाकवत नाही, त्यामुळे बटाटे मी काढते आणि ते खुर्चीत बसून सांगतात. खोपटातल्या वहीत मी त्यांचे शब्द लिहिते, दोनशे चाळीस झालेत. काल त्यांना 'भार' सांगितला. त्यांनी चारदा म्हणून बघितला, भ काही जमेना, र मात्र खास त्यांचा, घशातला. मग विचारलं, "तुमच्याकडे ह्या गाडीला काय म्हणतात?" मी म्हटलं, ढकलगाडी. त्यांचं समाधान झालं नाही. "ते तू वर्गातलं सांगतेयस. तुझ्या गावचे गवंडी काय म्हणतात?"

मला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी ते परत विचारणार. कोकण, देश, विदर्भ, खानदेश, मराठवाडा, जो जिथला असेल त्याने आपापल्या भागात बांधकामावर आणि शेतात त्या एकचाकी गाडीला काय म्हणतात ते कृपया लिहा. वहीत शेजारचं पान रिकामं ठेवलंय.